सणाच्या कथेंतील दुःख

सणाच्या दिवशीं माणूस नुसतें गोडधोड खाऊन तृप्त होत नाहीं. त्या दिवशीं त्याला एखादी गोष्टही हवी असते. कोणी ती कीर्तनांत ऐकतो, कोणी गोंधळांत, कोणी नाटकगृहांत; आणि १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकानें दिवाळीचा खास अंक काढल्यापासून मराठी वाचक ती छापील पानांतही शोधूं लागला. ही गोष्ट कशी असावी याविषयीं ऐकणाऱ्याच्या मनांत एक अलिखित करार असतो. ती ओळखीची असावी, पण शिळी नसावी. तिनें मध्यें थोडें रडविलें तरी चालेल, पण शेवटीं हसवून घरीं पाठविलें पाहिजे. हा करार मोडला असें ज्यास वाटतें तो रागावतो, आणि सणाच्या दिवशींचा राग इतर दिवसांच्या रागापेक्षां अधिक काळ मनांत राहतो. परंतु असा करार खरोखर आहे काय? सणाच्या कथेनें दुःख, आणि तेंही कल्पित नव्हे तर ऐकणाऱ्यांच्या घरांत कालपरवां घडून गेलेलें दुःख, आपल्याबरोबर आणावें कीं नाहीं? आणि तिनें तें आणलेंच, तर त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नांकडे आमचें लक्ष एका घरगुती प्रसंगानें वेधलें. तो प्रथम सांगतों.

२०२५ च्या जानेवारींत शाकंभरी नवरात्राच्या निमित्तानें आम्ही तुळजापुरास गेलों असतां आमच्या मावसबहिणीच्या घरीं उतरलों होतों. तिचे यजमान २०२१ सालीं, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, वारले. शेवटचे नऊ दिवस ते रुग्णालयांत होते. आंत कोणास जाऊं देत नसत. एका परिचारिकेनें दया येऊन आपला मोबाईल त्यांच्या तोंडापुढें धरला, तेवढेंच शेवटचें दर्शन. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर, पुण्यास नोकरी करणाऱ्या तिच्या मुलानें आपला लॅपटॉप उघडला आणि "मामा, तुम्हांला एक गंमत दाखवतों" असें म्हणून 'डॉक्टर हू' या इंग्रजी विज्ञानकथामालिकेचा नाताळचा खास भाग लावला. इंग्रजी जेथें अडे तेथें तो मराठींत सांगत होता. त्यानेंही तो भाग आधीं पाहिलेला नव्हता. त्यामुळें पुढें काय येणार आहे याची त्याला कल्पना नव्हती.

ही मालिका ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्रिटनच्या बी.बी.सी.नें ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. तिचा नायक 'डॉक्टर' हा परग्रहावरचा प्रवासी. जुन्या पद्धतीच्या निळ्या पोलीस-चौकटीसारख्या दिसणाऱ्या यानांतून तो काळांत व अवकाशांत हिंडतो, आणि मरण जवळ आलें कीं नवें शरीर धारण करतो. म्हणून नट बदलले तरी नायक तोच राहतो. मध्यंतरीं बंद पडलेली मालिका २००५ सालीं नव्यानें सुरू झाली, आणि त्या वर्षापासून २०१७ पर्यंत दर नाताळास तिचा एक स्वतंत्र भाग दाखविला गेला. पुढें कांहीं वर्षें हा मान नववर्षाच्या दिवसांकडे गेला. २०२३ व २०२४ सालीं तो पुन्हां नाताळाकडे आला. आपल्याकडे १९८७-८८ सालीं रविवारीं सकाळीं 'रामायण' पाहण्याकरितां वाड्यांतलीं सगळीं माणसें एका दूरदर्शन-संचापुढें जमत. नाताळच्या जेवणानंतर आजीपासून नातवंडांपर्यंत सारें घर या भागापुढें बसतें, त्याची कल्पना त्यावरून करावी. अशा वेळीं दाखविलेल्या कथेस प्रेक्षक नुसता प्रेक्षक राहत नाहीं; तो यजमान होतो, आणि पाहुण्यानें कसें वागावें याविषयीं त्याचीं कांहीं मतें असतात.

आम्ही पाहिलेला भाग 'जॉय टू द वर्ल्ड' या नांवाचा. स्टीव्हन मॉफट यांनीं तो लिहिला असून २५ डिसेंबर २०२४ रोजीं तो प्रथम दाखविला गेला. इ. स. ४२०२ मध्यें एक 'काळाचें हॉटेल' आहे; त्याच्या दारांतून गतकाळाच्या कोणत्याही दिवसांत उतरतां येतें. लंडनमधील एका साध्याशा हॉटेलांत नाताळ एकटीनें काढावयास आलेली जॉय नांवाची स्त्री या भानगडींत सांपडते. एक पेटी तिच्या मनगटास जखडली जाते. त्या पेटींत, शस्त्रें विकणाऱ्या एका कंपनीनें तयार केलेलें, ताऱ्याचें बीज आहे; आणि जो पेटी धरील त्याचें मन पेटीच्या ताब्यांत जातें. तो ताबा सुटावा म्हणून डॉक्टर जॉयला मुद्दाम टोचून बोलतो. तिचा संताप उसळतो, आणि त्याबरोबर चार वर्षें दाबून ठेवलेलें दुःख बाहेर पडतें. २०२० च्या नाताळांत तिची आई रुग्णालयांत एकटी मेली. जॉयनें नियम पाळला. ती आंत गेली नाहीं. आईचा निरोप तिनें दुरूनच घेतला. आणि ज्यांनीं नियम केले ते मात्र त्याच काळांत मेजवान्या झोडीत होते. शेवटीं तें बीज फुटण्याची वेळ येते तेव्हां जॉय स्वखुषीनें त्यांत विलीन होते व तारा होऊन आकाशांत जाते. तिचा उजेड मरणोन्मुख आईच्या खिडकींत पोंचतो. आणि अखेरच्या दृश्यांत उमगतें कीं, येशूच्या जन्मवेळीं बेथलेहेमवर दिसलेला तारा तो हाच.

जॉयचा संताप चालूं होतांच खोलींतलें वातावरण एकदम बदललें. मुलाला मराठींत सांगण्याचें भान राहिलें नाहीं. पण सांगण्याची गरजही नव्हती. बहिणीची मुलगी म्हणाली, "दादा, बंद कर तें. सणावारीं असलें कशाला लावायचें?" खरें सांगावयाचें तर आम्हांसही तसेंच वाटलें. तो ओशाळून हात पुढें करणार तोंच त्याची आई म्हणाली, "राहूं दे. त्या पोरीच्या आईचें काय होतें तें बघूं दे मला." म्हणून आम्हीं शेवटपर्यंत पाहिलें. संपल्यावर बहीण-भावांत वाद झाला. मुलीचें म्हणणें, लोकांच्या जखमेवर मीठ चोळून हे करमणूक करतात. मुलाचें म्हणणें, दुःख दाखविलें तें ठीकच, पण शेवट खोटा आहे. गेलेली आई ही गेलेली आई, तिथें तारा कसला? आमची बहीण मात्र पाणी पिऊन निजावयास गेली.

ब्रिटनमधील प्रेक्षकही या भागाविषयीं असेच दुभंगले होते. कित्येकांना तो संताप आपलाच वाटला व त्यांनीं डोळे पुसले. कित्येकांना सणाच्या दिवशीं साथीची आठवण नको होती. कोणास त्यांत राजकारण दिसलें. कोणास बेथलेहेमच्या पवित्र ताऱ्याशीं केलेली ही सलगी आवडली नाहीं. कोणास ती फार सुंदर वाटली. या सगळ्या प्रतिक्रिया आवडनिवडीच्या म्हणून सोडून देतां येतील. पण तुळजापूरच्या त्या खोलींत निघालेले दोन आक्षेप आवडनिवडीचे नव्हते. ते नीतीचे होते. पहिला असा कीं, सणाच्या कथेनें खरें दुःख आणूं नये. दुसरा असा कीं, आणलें तर त्यावर खोटें सांत्वन चिकटवूं नये. दोहोंचा क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप सणाच्या एका विशिष्ट कल्पनेवर उभा आहे. सण म्हणजे दुःखाला दाराबाहेर थांबविणें, ही ती कल्पना. याच मालिकेनें एके काळीं ती पाळलीही होती. २५ डिसेंबर १९६५ हा दिवस मालिकेच्या एका बारा भागांच्या भीषण कथेच्या मध्यावर आला. त्यापूर्वीच्या भागांत डॉक्टरची एक सोबतीण प्राणास मुकली होती. पण नाताळच्या भागांत हें सर्व बाजूस ठेवून विनोदी धांवपळ दाखविण्यांत आली, आणि शेवटीं डॉक्टरनें हातांत पेला घेऊन घरोघरच्या प्रेक्षकांस नाताळच्या शुभेच्छा दिल्या. पुढच्या आठवड्यांत कथा पुन्हां आपल्या काळोख्या वाटेला लागली. यांत अप्रामाणिक असें कांहीं नाहीं. दमलेल्या माणसाला एक दिवस मोकळा श्वास घेऊं द्यावा, हीही दयाच आहे.

परंतु आपले सण या कल्पनेवर रचलेले नाहींत. पंचांग उघडून पाहावें. भाद्रपदांत अनंत चतुर्दशीस गणपति पाण्यांत जातो, आणि दोनच दिवसांत पितृपक्ष सुरू होतो. त्या पंधरवड्यांत मेलेल्यांस त्यांच्या तिथीस पान वाढलें जातें. सौभाग्यपणीं गेलेल्या बायकांकरितां अविधवा नवमी, आणि ज्यांची तिथि माहीत नाहीं त्यांच्याकरितां सर्वपित्री अमावास्या. तिच्या दुसऱ्याच दिवशीं घट बसतात. दोन मोठ्या उत्सवांच्या मध्यें मृतांचा पंधरवडा ठेवणाऱ्यानें सण आणि शोक यांस परस्परांचे वैरी मानलें नव्हतें, हें उघड आहे.

तुळजापुरांत तर हें आणखी स्पष्ट दिसतें. तेथील भवानीची मूर्ति चल आहे, आणि देवी वर्षांतून तीनदां निद्रा घेते. शारदीय नवरात्रापूर्वी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत, म्हणजे पितृपक्षाच्या उत्तरार्धांत, घोर निद्रा. दसऱ्याचें सीमोल्लंघन झाल्यावर कोजागरी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. आणि पौषांत शाकंभरी नवरात्राच्या आधीं मोहनिद्रा. युद्ध करून आलेली देवी दमते, आणि तिचा थकवा हाही उत्सवाचाच भाग मानला जातो. नवरात्र म्हणजे केवळ संबळाचा आवाज आणि पोतांचा उजेड नव्हे. त्याच्या दोहों बाजूंस अंधार आणि स्तब्धता मुद्दाम राखून ठेवलेली आहे.

आणि माणसानें नाहीं म्हटलें तरी दुःख सणांत शिरतच असतें. १९९३ च्या अनंत चतुर्दशीस गणपतीचें विसर्जन करून आपल्या जिल्ह्याच्या उमरगा भागांतलीं व शेजारच्या लातूर जिल्ह्यांतलीं माणसें दमून झोंपलीं. ३० सप्टेंबरच्या पहांटे ४ च्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, आणि दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. सास्तूरसारख्या गांवांतल्या कित्येक घरांत विसर्जनाचा दिवस आणि श्राद्धाचा दिवस तेव्हांपासून एकमेकांस चिकटून येतात. त्या घरांतल्या माणसांस 'सणावारीं असलें नको' असें कोण सांगणार? २०२० सालीं मार्चपासून तुळजाभवानीचें मंदिर भक्तांस बंद झालें. शारदीय नवरात्र भक्तांवांचून पार पडलें. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशीं, दार उघडलें. दुसऱ्या लाटेंत तें पुन्हां मिटलें, तें ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं घटस्थापनेला उघडलें. त्या दोन्ही दिवशीं रांगेंत उभे राहिलेल्यांपैकीं कितीकांच्या घरांत एक माणूस कमी झालेलें होतें! तो सण नव्हता असें कोण म्हणेल? म्हणून आमच्या मतें पहिला आक्षेप टिकत नाहीं. सणाच्या कथेनें दुःख आणलें तर तिनें नवें कांहीं आणलें नाहीं. जें घरांत आधींच बसलें होतें त्याला तिनें हाक मारली, इतकेंच.

आतां दुसरा आक्षेप. तो अधिक अवघड आहे, आणि तो नवाही नाहीं. विदर्भांतल्या पद्मपुराशीं नातें सांगणाऱ्या भवभूतीनें आठव्या शतकांत 'उत्तररामचरित' लिहिलें, आणि तें कालप्रियनाथाच्या यात्रेच्या निमित्तानें रंगभूमीवर येत असल्याचें त्याच्या प्रस्तावनेंतच सांगितलें. म्हणजे तीही सणाची कथाच होय. आणि यात्रेस जमलेल्या लोकांपुढें भवभूतीनें सीतात्यागाइतकें कठोर दुःख मांडलें. सातव्या अंकांत तर त्यानें नाटकांत नाटक योजिलें आहे: वाल्मीकीनें रचलेला सीतेच्या दुःखाचा प्रयोग अप्सरा करीत आहेत, आणि प्रेक्षकांत बसला आहे स्वतः राम. ज्याचें दुःख त्यालाच त्याचें नाटक दाखविलें जात आहे! राम तें पाहून मूर्च्छित पडतो. तेव्हां लक्ष्मण व्याकुळ होऊन वाल्मीकीस हाक मारतो, त्याची मदत मागतो, आणि तुझ्या काव्याचा हेतु हाच काय, असें विचारतो.

आमच्या भाचीनें त्या रात्रीं जो प्रश्न केला तोच हा प्रश्न. दुःखी माणसाच्या वतीनें कवीला जाब विचारणारा पहिला प्रेक्षक लक्ष्मण होय, आणि त्याचा राग रास्त आहे. परंतु त्याच्या रागाचें एक लक्षण ध्यानांत घेण्यासारखें आहे. लक्ष्मणानें आधीं रामाकडे पाहिलें, आणि मग कवीकडे. त्याच्या तक्रारीचें मूळ स्वतःच्या बिघडलेल्या करमणुकींत नव्हतें; शेजारीं पडलेल्या माणसाच्या काळजींत होतें. आम्ही बाकीचे प्रेक्षक पुष्कळदां उलट करतों. 'बिचाऱ्या दुःखितांना काय वाटेल' असें आम्ही म्हणतों, आणि त्या बिचाऱ्यांस विचारीत मात्र नाहीं. कारण मनांतून आम्हांस आपलीच अस्वस्थता टाळावयाची असते. त्या रात्रीं आमच्या मनांत 'बंद कर' असें आलें, तें बहिणीकरितां आलें अशी आमची समजूत होती. पण आम्हीं तिच्या तोंडाकडे पाहिलें नव्हतें. पाहिलें असतें तर ती पडद्यावरून दृष्टि काढीत नव्हती हें तेव्हांच कळलें असतें.

मग भवभूतीनें पुढें काय केलें? मूळ रामायणांत सीता भूमींत जाते; भवभूतीनें ती परत आणली. तिच्याच स्पर्शानें राम शुद्धीवर येतो, कुश-लव भेटतात, नाटक गोड होतें. हें सांत्वन खोटें काय? घटनेच्या दृष्टीनें तें कथेंत बदल करणारें आहे खरें. पण त्याच्या आधीं एक गोष्ट घडते: अरुंधती जमलेल्या नगरवासीयांस सीतेविषयीं विचारते, आणि ज्या लोकांच्या अपवादामुळें ती वनांत गेली तेच लोक तिला नमस्कार करतात. म्हणजे भवभूतीनें आधीं अन्यायाचा हिशेब केला, आणि मग सुख दिलें.

आपल्या जिल्ह्यांतलें उदाहरण घ्यावयाचें तर तेर येथील गोरोबाकाकांच्या कथेचें घ्यावें. तेरणेच्या कांठीं त्यांची समाधि आहे. समाधीचा शक १२३९, म्हणजे इ. स. १३१७, आणि चैत्र वद्यांत तेथें यात्रा भरते. नामस्मरणांत तल्लीन होऊन माती तुडवीत असतां त्यांचें रांगतें मूल चिखलांत आलें व पायांखालीं तुडविलें गेलें, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? शेवटीं पंढरपुरास नामदेवांच्या कीर्तनांत तें मूल परत मिळतें. आतां हें आख्यान यात्रेंत चाललें असतां मंडपांत अशी एखादी बाई बसलेली असतेच कीं, जिचें मूल परत आलें नाहीं. तिनें या शेवटाचें काय करावें? आम्हीं हें आख्यान अनेकांच्या मुखें ऐकलें आहे, आणि आमचा अनुभव असा कीं, कीर्तनकारांत दोन प्रकार असतात. एक घाईनें पंढरपुरास जातो. मातीचा प्रसंग चार वाक्यांत उरकून तो चमत्काराकडे धांवतो, आणि टाळ्यांच्या गजरांत त्या बाईचें दुःख चिरडून जातें. दुसरा मात्र चिखलाशीं थांबतो. संती पाण्याहून परत येते, मूल शोधते, चिखलाचा रंग पाहते. तिचा आक्रोश, नवऱ्यावरचा तिचा राग, देवाला तिनें दिलेला दोष, यांतलें कांहीं तो गाळीत नाहीं. त्याच्या कीर्तनांत मूल परत आलें म्हणजे मंडपांतली ती बाई फसविली गेली असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. तिला तिचें मूल मिळणार नाहीं हें ती जाणते. पण तिचा आक्रोश चार लोकांत, देवाच्या दारांत, पूर्णपणें उच्चारला गेला.

यावरून सांत्वनाच्या खरेपणाच्या दोन कसोट्या हातीं येतात. दुःखाजवळ कथा पुरेशी थांबली काय? आणि ज्या अन्यायांतून तें दुःख आलें त्याचा तिनें उच्चार केला, कीं सांत्वनाच्या गोडींत तो बुडवून टाकला? घटना संभवनीय आहे कीं चमत्कारिक, हा प्रश्न त्यामानानें गौण. माणूस तारा होत नाहीं, आणि तुडविलेलें मूल उठत नाहीं, हें लहान पोरासही कळतें. कथेवर तेवढ्याकरितां खोटेपणाचा आरोप ठेवतां येत नाहीं.

'जॉय टू द वर्ल्ड' ला या कसोट्या लावल्या तर काय दिसतें? अन्यायाचा उच्चार त्यांत झाला आहे, आणि तो धीटपणानें झाला आहे. साथीच्या काळांत ब्रिटनच्या शासनाच्या कार्यालयांत झालेल्या बेकायदा मेजवान्यांबद्दल लंडनच्या पोलिसांनीं ८३ व्यक्तींस मिळून १२६ दंड केले. त्यांत त्या वेळचे पंतप्रधानही होते. ही गोष्ट वर्तमानपत्रांत येऊन गेली होती. पण सणाच्या दिवशीं, साऱ्या घरानें एकत्र बसून पाहावयाच्या कथेंत, एका लेकीच्या तोंडून ती पुन्हां ऐकविणें हें निराळें. मात्र त्या उच्चारानंतर कथा फार लवकर निघून जाते. जॉयचा संताप हा एक न्याय्य दावा होता. शेवटीं तो प्रकाशांत विरघळला, आणि दावा कोणावर होता हें प्रेक्षक विसरला. जिनें नियम पाळला तिनेंच देह टाकावा आणि जगाला उजेड द्यावा. ज्यांनीं नियम मोडला त्यांना कथेंत तोंडही दाखवावें लागूं नये! भवभूतीनें नगरवासीयांस वांकविलें; मॉफट यांच्या कथेंत वांकणारें कोणी नाहीं. आमच्या भाच्याला शेवट खोटा वाटला त्याचें खरें कारण, आमच्या मतें, तारा नव्हे, हें आहे. आणि तेवढ्यापुरता त्याचा आक्षेप आम्हांस मान्य आहे.

परंतु पहिल्या कसोटीबद्दल, म्हणजे दुःखाजवळ थांबण्याबद्दल, आमचें मत दुसऱ्या दिवशीं बदललें. सकाळीं देवदर्शनाहून परत आल्यावर बहीण मुलाला म्हणाली, "कालचा तो मधला भाग पुन्हां लाव बरें, तो माणूस हॉटेलांत राहतो तो." आम्ही त्या भागाकडे आदल्या रात्रीं फारसें लक्ष दिलें नव्हतें. कथेच्या मध्यावर डॉक्टर लंडनच्या त्या साध्या हॉटेलांत अडकून पडतो, आणि पुढच्या नाताळापर्यंत अख्खें एक वर्ष त्याला तेथें काढावें लागतें. काळाचा स्वामी तो; पण तें वर्ष त्याला इतर माणसांसारखें एकेक दिवसानें जगावें लागतें. तो हॉटेलांतलीं लहानसहान कामें करतो. तेथील व्यवस्थापिका अनिता हिच्याशीं त्याची मैत्री जुळते. दोघें खुर्च्या मांडून गप्पा मारीत बसतात. साहस नाहीं, राक्षस नाहीं. वर्ष संपतें, आणि निरोप घेतांना दोघांनाही जड जातें. भाचा म्हणाला, "आई, यांत तर कांहींच होत नाहीं." ती म्हणाली, "होत नाहीं कसें? कुणी तरी रोज येऊन बसतंय ना त्याच्यापाशीं."

हें वाक्य आमच्या डोक्यांत त्यानंतर बरेच दिवस राहिलें. आपल्याकडे कोणी गेलें म्हणजे लोक भेटावयास येतात. ते विशेष बोलत नाहींत, बोलण्यासारखें नसतेंही. सतरंजीवर बसतात, माणूस कसा गेला तें पुन्हां पुन्हां ऐकतात, चहा घेतात आणि उठतात. पहिल्या सणाला आप्त गोड घेऊन येतात, कारण त्या घरीं चूल गोडासाठीं पेटत नाहीं. २०२१ च्या त्या दिवसांत हेंही झालें नाहीं. आमच्या बहिणीच्या घरीं पंधरा दिवस कोणी आलें नाहीं. येऊं शकलें नाहीं. आम्हीही फोनवरच बोललों. मरणाच्या वेळीं जवळ बसणें चुकलें, आणि मरणानंतर जवळ बसणेंही चुकलें. आम्ही समजत होतों कीं, तिला त्या कथेंतला संताप लागला असेल. तिला लागलें होतें तें तें रिकामें, घटनाशून्य वर्ष. लेखकानें दुःखाजवळ थांबण्याची जागा संतापाच्या दृश्यांत नव्हे तर तेथें ठेवली होती, आणि ती ओळखली जिला तिची गरज होती तिनें. आम्ही टीकाकार ताऱ्याकडे पाहत राहिलों.

तेव्हां सणाच्या कथेनें दुःख आणावें कीं नाहीं, याचें आमचें उत्तर असें: अवश्य आणावें, पण पाहुण्यासारखें दारांत ठेवून निघून जाऊं नये, त्याच्यापाशीं बसावें. आणि तक्रार करण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकास आहे; मात्र दुसऱ्याच्या दुःखाच्या वतीनें ती करणाऱ्यानें आधीं लक्ष्मणाप्रमाणें शेजारच्या माणसाकडे वळून पाहावें. कदाचित् तो मूर्च्छित पडलेला असेल. मग कवीला जाब विचारणें हें कर्तव्यच होय. कदाचित् तो नुसता पाहत असेल, आणि त्यास आणखी पाहावयाचें असेल.

'मग त्या ताऱ्याचें काय?' असें आम्हीं निघतांना बहिणीला विचारलें. ती देवीपुढची समई पुसत होती. म्हणाली, "तारा राहूं दे. पण ती आईच्या खिडकीशीं पोंचली ना?" आम्हांस त्यावर कांहीं बोलतां आलें नाहीं. आम्ही बसस्थानकाकडे निघालों तेव्हां शाकंभरी नवरात्राची गर्दी महाद्वारापर्यंत आलेली होती.